टाळकऱ्यांनी धरलेला चार्ट

या, असे पुढं सरका. भिंतीला टेकून बसलात तर डोळा लागेल. कीर्तनात झोपलेला माणूस एकवेळ चालतो, त्याला निदान नामाचा वारा तरी लागतो. माझ्या गोष्टीत झोपलेला मला चालत नाही. चहा येतोय. तोवर ऐका, आमच्या केदारखेड्याच्या सप्त्यात टाळ-मृदंगाच्या गजरात एका चार्टाची तपासणी कशी झाली, आणि ती करणारा माणूस, म्हणजे मीच, तोंड लपवायला जागा शोधत असताना त्याच्या गळ्यात हार कसा पडला.

मी सोमेश्वर. जालन्याला एमआयडीसीत, बियाण्याच्या कारखान्यात, उगवणशक्ती तपासण्यात माझी उभी नोकरी झाली. ओल्या कागदात दाणे गुंडाळायचे, कोंब मोजायचे आणि आलेखाच्या कागदावर पेन्सिलीनं रेघ काढायची. माझ्या रेघेला साहेब लोकसुद्धा मान द्यायचे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे घडलं त्यात माझा मान शोधून सापडणार नाही.

निवृत्त झाल्यावर मला एकच नाद राहिला, कीर्तनाचा. पंचक्रोशीत कुठंही वीणा उभी राहिली की मी पहिल्या रांगेत. मनात एक चोरटी इच्छाही होती, की आपण जन्मात एकदा तरी नारदाच्या गादीवर उभं राहावं. पण माझा आवाज असा, की भजनात मी तोंड उघडलं की पेटीवाला आधी आपली पेटी तपासतो.

तर सप्त्याची बैठक भरली होती. मंडळाचे अध्यक्ष मच्छिंद्र अण्णा. यंदा मंडपात मोठी एलईडी स्क्रीन लावायची असं त्यांनी ठरवलं होतं, आणि ती लावणार होते मंडपवाले गयासोद्दीनभाई, ज्यांच्या माइकशिवाय आमच्या गावात ना लग्न लागतं ना कीर्तन उभं राहतं. स्क्रीन ठरली, पण तिच्यावर काल्याच्या कीर्तनाआधी दाखवायचं काय, हे कुणालाच सुचेना. एकानं सुचवलं अण्णांचा फोटो. अण्णा लाजले, पण नको म्हणाले नाहीत. तेव्हा गावाला त्या फोटोपासून वाचवायच्या घाईत माझ्या तोंडून निघून गेलं, की आपण भाकरीचा चार्ट दाखवू.

आमच्याकडं सप्त्यात आमटी मंदिरात शिजते, पण भाकरी गल्लीगल्लीतून येते. डोक्यावर टोपल्या घेऊन बाया येतात, पुढं हलगी वाजते, आणि कुठल्या गल्लीच्या टोपल्या किती यावर वर्षभर पारावर बोलणं चालतं. वरची गल्ली, मधली गल्ली, वेशीची गल्ली. आणि चौथी नदीकडची वस्ती. वस्ती म्हणजे आता एकच घर उरलंय, झुंबरमावशीचं. बाकीचे कुणी जालन्याला गेले, कुणी पुण्याला. पण मावशीची एक टोपली दरसाल येते. हलगी नसते, सोबत कुणी नसतं, टोपली असते.

मावशी त्या दिवशी मंदिराच्या पायरीवर वाती वळत बसली होती. तिनं विचारलं, "सोमेश्वरा, त्याच्यात मही वस्ती राहील का रं?"

मी म्हणालो, राहील की.

"पोरगी पुण्याला घेऊन चालली मला. सप्ता झाला की जायचं हाय. तिथं कोन भाकरी मागायला यीन? एकडाव वस्तीचं नाव मोठ्या पडद्यावर बघून जाईन म्हणते."

समोर गाभाऱ्यात देव उभा होता. त्याच्यादेखत मी शब्द देऊन बसलो.

आता चार्ट करायचा कशावर? पेन्सिलीची रेघ एलईडीवर जात नाही. म्हणून मी सुनेला शरण गेलो. तृप्ती पुण्याच्या एका कंपनीचं काम घरी बसून करते. काम म्हणजे आकड्यांची चित्रं काढायचा कोड लिहिणं. तिनं तिचा जुना लॅपटॉप माझ्यापुढं ठेवला आणि मला समजावून सांगितलं. चार्ट म्हणे एकदम चित्र होऊन येत नाही. आधी तो एक ऑब्जेक्ट असतो, म्हणजे एक न दिसणारी वस्तू. तिच्या पोटात आपण सगळं भरायचं: आकडे, नावं, रंग, अक्ष कुठून सुरू, पट्ट्या किती रुंद. सगळं आत असतं, पण डोळ्यांना काही नाही. शेवटी आपण 'शो' म्हणायचं, तेव्हा तो पडद्यावर प्रकट होतो.

मला हे ऐकून गहिवरून आलं. मी म्हणालो, तृप्ती, हे तर निर्गुण-सगुण झालं. ती म्हणाली, हो मामा, पण स्वल्पविराम विसरू नका.

पहिल्या दिवशी मी दुपारपासून दिवेलागणीपर्यंत मंडळाच्या वहीतले गेल्या सालच्या टोपल्यांचे आकडे भरले, रंग भरले आणि हात जोडून बसलो. पडदा कोराच. आमच्या मंडळी, बेबीनंदा, दोनदा डोकावून गेल्या. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "अवं, काय दिसून राह्यलं तुमाला त्याच्यात?" मी म्हणालो, सगळं आत हाय. त्या म्हणाल्या, पंचवीस वर्षं बँकेच्या पासबुकाबद्दल बी तुम्ही हेच सांगून राह्यला. शेवटी तृप्तीनं येऊन सांगितलं, की मी 'शो' म्हणालोच नव्हतो.

दुसरी गोष्ट तिनं बजावली तपासणीची. "मामा, पोतं शिवायच्या आधी तुम्ही दाण्याचा नमुना काढायचे ना? तसंच हे. 'शो' म्हणायच्या आधी ऑब्जेक्ट प्रिंट करायचा आणि आत काय भरलंय ते एकेक ओळ बघायचं."

प्रिंट केलं की पडद्यावर ओळीच्या ओळी येत. कंस, नाव, आकडा, पुन्हा कंस. आता मला सांगा, सकाळी आंघोळ झालेल्या, कपाळाला बुक्का लावलेल्या माणसापुढं एवढ्या ओळी आल्या तर तो काय करील? मी पारायण लावलं. पाटावर लॅपटॉप, शेजारी उदबत्ती, आणि पहिल्या कंसापासून शेवटच्या कंसापर्यंत एका लयीत, मोठ्यानं. एकही ओळ चुकवली नाही. आठवडाभरात मला तो ऑब्जेक्ट तोंडपाठ झाला. पारायणात वाचणारा अक्षरावर बोट ठेवतो, ओळीच्या खरेखोटेपणावर ठेवत नाही. हे माझ्या ध्यानात आलं तोवर फार उशीर झाला होता. उदबत्तीची राख मात्र पहिल्याच दिवशी कळफलकात पडली आणि 'क' दाबला की दोन क येऊ लागले.

बातमी गावभर झाली आणि सल्ले सुरू झाले. वरच्या गल्लीला भगवा हवा, मधलीला निळा, वेशीच्या गल्लीला हिरवा, कारण त्यांच्याकडं विहिरीला पाणी आहे. गयासभाईंनी चहा पिता पिता विचारलं, "भाऊ, हमारी मदिना दरसाल ठेचा भेजती, त्याची पट्टी कुठंय?" मी सांगितलं, चार्ट भाकरीचा आहे. ते म्हणाले, बराबर, पण ठेच्याबिगर भाकरी खाल्ली कुणी? मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

मग परवानगीसाठी तालुक्याला गेलो. तेव्हा निवडणूक लागलेली आणि आचारसंहिता सुरू. एका साहेबांनी मी कागदावर छापून नेलेला चार्ट हातात घेतला, चष्मा वर केला आणि आवाज खाली आणून विचारलं, "ह्याच्यात पुढं कोन चाललंय?" मी अभिमानानं म्हणालो, वरची गल्ली. साहेब ताठ झाले. मतमोजणीच्या आधी असले निकाल दाखवायला बंदी आहे, म्हणाले. मी सांगितलं, साहेब, ही भाकरी आहे. ते म्हणाले, भाकरी कुणाचं चिन्ह हाय? आणि त्यांनी खरोखर चिन्हांचा तक्ता काढून पाहिला. त्यात गॅसची शेगडी निघाली, पोळपाट-लाटणं निघालं. भाकरी काही निघाली नाही, तेव्हा कुठं त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. पण रंगांवर ते अडले. भगवा चालणार नाही, हिरवा नाही, निळा तर नाहीच. पिवळा म्हणालो तर त्यांनी एका अपक्षाचं नाव घेतलं.

शेवटी कुठल्याच पक्षाकडं नसलेला एकच रंग सापडला, भाकरीचा. बेबीनंदानं ज्वारीची भाकरी थापली, मी ती लॅपटॉपला लावून धरली, आणि आम्ही दोघं रंग जुळवत बसलो. शेजारच्या तुळजाबाई मीठ मागायला आल्या, पाहून म्हणाल्या की ही तर बाजरीकडं झुकली. मग पुन्हा भाकरी, पुन्हा रंग. जुळला तोवर भाकरीचे पाच नमुने झाले होते, ते आम्ही दुधात कुस्करून खाल्ले. चार्टातून पोट भरलेला मी पहिलाच माणूस असेन.

आणि मग अण्णा आले. खुर्चीत बसून त्यांनी चार्ट पाहिला, मान एका अंगाला केली, दुसऱ्या अंगाला केली. तिन्ही गल्ल्यांच्या टोपल्या चाळीसच्या आसपास, त्यामुळं पट्ट्या जवळजवळ सारख्या दिसत. अण्णांची वरची गल्ली दोन बोटं पुढं होती, पण ती दोन बोटं बघायला नीट बघावं लागे.

"सोमेश्वर, आमी पुढं हाव ते दिसून न्हाई राह्यलं," ते म्हणाले. "खोटं न्हाई म्हणत मी. हाय तेच जरा ठळक कर."

हाय तेच ठळक कर. काय वाईट आहे यात? तृप्ती ऑफिसच्या बैठकीसाठी पुण्याला गेली होती, म्हणून मी माझं मीच डोकं चालवलं. उभा अक्ष शून्यापासून सुरू होत होता. मी विचार केला, सगळ्यांना तीस टोपल्या तर सारख्याच आहेत, मग ते खालचं जोतं दाखवायचं कशाला? अक्ष तिसापासून सुरू केला. काय सांगू, वरच्या गल्लीची पट्टी मंदिराच्या कळसासारखी वर गेली. अण्णांनी माझी पाठ थोपटली आणि मी इतका फुललो, की त्या चित्रात आणखी कोण आहे, कोण नाही, हे पाहायचं भानच राहिलं नाही. रात्री तृप्तीनं फोनवर विचारलं, मामा, ऑब्जेक्ट तपासला ना? मी म्हणालो, आजच पारायण झालं.

काल्याचा दिवस. मंडप भरला. टाळकरी दोन्ही बाजूंनी उभे राहिले, मृदंगाला कणीक लागली, महाराज फेटा बांधत होते. गयासभाईंनी माझ्या सदऱ्याला कॉलर-माइक अडकवला, कारण मला चार शब्द बोलायचे होते. स्क्रीनपुढं त्यांनी दोरी बांधली होती; त्या स्क्रीनला ते नवरदेवालाही हात लावू देत नाहीत. पहिल्या रांगेत झुंबरमावशी, हिरव्या काठाचं लुगडं नेसून. शेजारी तिची लेक, पुण्याची गाडी रस्त्यावर उभी.

मी 'शो' केलं.

चित्र पडद्यावर आलं. मग वेशीच्या गल्लीकडून एकजण उठला. कळसाशेजारी त्यांची पट्टी बुटकी दिसत होती. तो म्हणाला, "आमी काय चुरा आनला का टोपल्यात?" मधल्या गल्लीचे उठले. वरच्या गल्लीचे बसल्या जागी हसले, आणि ते हसणं उठण्यापेक्षा महागात पडलं. वेशीच्या गल्लीतल्या बायांनी सरळ आपल्या टोपल्या उचलून डोक्यावर घेतल्या आणि भाकरी घराकडं निघाली. काल्याची पंगत मोडायची वेळ आली. अण्णा माझ्याकडं बघत होते, जणू तीस हा आकडा मीच जगात आणला.

आणि त्या गलबल्यात मावशी पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत डोळे फिरवत होती. तिनं तक्रार केली नाही. हळूच विचारलं, "सोमेश्वरा, मही वस्ती कुठंय रं?"

वस्तीचं नाव होतं. नावावर काहीच नव्हतं.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत तृप्ती आली. पुण्याहून थेट मंडपातच उतरली होती. चित्राकडं एक नजर टाकून तिनं लॅपटॉप माझ्यापुढं सरकवला आणि ऑब्जेक्ट प्रिंट केला. "मामा, वाचू नका. तपासा. एकेक ओळ. प्रत्येक ओळीला थांबा."

सदऱ्याला माइक आहे, तो सुरू आहे, हे मी साफ विसरलो. मी लॅपटॉपच्या पडद्यावर बोट ठेवलं आणि घशातून जेवढा निघाला तेवढा आवाज काढून म्हणालो, "पट्ट्या चार."

आता आमचे टाळकरी. त्यांना वर्षानुवर्षांची सवय, की माइकमधून ओळ आली की ती धरायची. ओळ कुणाची, काय, हे विचारायची रीत नाही. मागून टाळ वाजले आणि वीस गळे एकदम उठले, "पट्ट्या चार हो, पट्ट्या चार."

मी दचकलो. पण थांबायची सोय नव्हती, मृदंगी लयीत आला होता. "रंग भाकरीचा," मी म्हणालो. "रंग भाकरीचा," मंडप म्हणाला. निघालेल्या बाया डोक्यावरच्या टोपल्यांसकट थबकल्या. भजन सुरू असताना पाठ फिरवायची नाही, हे आमच्या गावात लहान लेकरालाही कळतं.

"वरची गल्ली, टोपल्या बेचाळीस." धरलं. "मधली गल्ली, चाळीस." धरलं. "वेशीची गल्ली, अडतीस." हे वेशीच्या गल्लीनं स्वतःच इतक्या जोरात धरलं, की खांबावरचे पारवे उडाले. मग पुढच्या ओळीवर बोट आलं. "नदीकडची वस्ती. टोपली एक."

टाळ जरा हळू वाजले. "टोपली एक हो, टोपली एक." मावशीनं पदर सावरला. ती आत होती. सगळा वेळ आत होती.

शेवटची ओळ. "उभा अक्ष," मी म्हणालो, "तिसापासून."

मृदंगी थापेवर थांबला. ती ओळ कुणी धरली नाही. तृप्ती खाली मान घालून हसू दाबत होती. मी माइकमध्येच सांगून टाकलं, की तीस मी घातले. त्यानं थोडं होतं ते फार दिसलं, आणि एक टोपली होती ती जमिनीखाली गेली.

सगळ्यांनी अण्णांकडं पाहिलं. अण्णांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. "शून्य घाल," ते म्हणाले. "जल्दी घाल. आमटी निवून राह्यली."

मी शून्य घातलं. पुन्हा प्रिंट केलं, पुन्हा एकेक ओळ पाहिली, या वेळी मनात. मग तृप्तीनं मान डोलावली आणि मी 'शो' म्हणालो. म्हणजे मी नाही, अख्खा मंडप म्हणाला, टाळासकट.

तीन उंच पट्ट्या उभ्या राहिल्या, खांद्याला खांदा लावून. कोण पुढं हे बघायला आता खरोखर मान वाकडी करावी लागत होती, आणि तेवढी भूक कुणाला थांबू देत नव्हती. वेशीच्या गल्लीच्या टोपल्या डोक्यावरून खाली उतरल्या. आणि कोपऱ्यात, अगदी तळाशी, नदीकडची वस्ती. एक बारीक पट्टी, भाकरीच्या जाडीएवढी.

मावशी उठली. लेकीनं धरायचा प्रयत्न केला, पण ती दोरीपाशी पोचलीही होती. बाकीच्या पट्ट्यांची टोकं शिडी लावल्याशिवाय कुणाच्या हाताला येणारी नव्हती. हिची पट्टी तेवढी हाताजवळ. मावशीनं हात पुढं केला, आणि मग गयासभाईंकडं पाहून मागं घेतला.

गयासभाईंनी दोरी सोडली. "लगाव अम्मा," ते म्हणाले. "तुमचीच हाय."

तिनं तळवा त्या पट्टीवर ठेवला. बराच वेळ ठेवला. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "गरम हाय की रं, सोमेश्वरा. तव्यावरून आत्ता काढल्यावानी."

महाराजांनी स्वतःच्या गळ्यातला हार काढून माझ्या गळ्यात घातला. म्हणाले, आज पूर्वरंग तुम्हीच केला, आता मला फक्त काला वाटायचा राहिला. नारदाच्या गादीची माझी हौस अशी फिटली, आणि पेटीवाल्यानं पेटी तपासली नाही. पंगत बसली. सगळ्या टोपल्या एकत्र ओतल्या गेल्या. पानावर आलेली भाकरी कुठल्या गल्लीची, हे वाढणाऱ्यालाही माहीत नव्हतं. मदिनाभाभीचा ठेचा मात्र कुणाचा हे सगळ्यांना कळलं, कारण अण्णांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पाणी ठेच्याचं, असं ते अजून सांगतात.

मावशी त्याच दुपारी गेली. आता सातव्या मजल्यावर असते. लेक सांगते, की जेवायच्या वेळी ती दाराकडं बघते, कुणी टोपली मागायला येतंय का म्हणून.

झाली गोष्ट. चहा निवला असेल, प्या. माझं एक मागणं आहे. पुढं कुठल्याही पंगतीला बसाल आणि पानावर गरम भाकरी पडेल, तेव्हा पहिला घास मोडायच्या आधी एकदा नदीकडच्या वस्तीवरच्या झुंबरमावशीची आठवण काढा.